पाठीमागचा मुखडा

जवळजवळ चाळीस वर्षं मी उलटा चाललो. वरात पुढे यायची आणि तिच्यापुढे मी, तोंड वरातीकडे, पाठ रस्त्याकडे. पिंपळगाव राजाची पोरं चिडवायची, ‘मास्तरचे पाय पाहा रे, उलटे तं नाई?’ आपल्याकडे उलटे पाय कोणाचे असतात ते सांगायला नको. मीही तेव्हा त्यांच्याबरोबर हसायचो. आता कोणी तसं म्हटलं की विषय बदलतो.

माझा धंदा बँड मास्तरचा. टीव्हीवर कधीकधी काळा कोट घातलेला एक गृहस्थ काडी हलवताना दिसतो आणि त्याच्यापुढे पन्नास-साठ माणसं खुर्चीवर बसून वाजवत असतात. माझा नातू विचारतो, ‘आबा, तुम्ही हेच करत होते का?’ हेच करत होतो, पण त्या गृहस्थाच्या वाटेत नाली नाही, गतिरोधक नाही, आडवी बांधलेली म्हैस नाही. माझी बारा माणसं चालत वाजवायची आणि मी त्यांच्यापुढे मागेमागे सरकत हात हलवायचो. चाळीस वर्षांत पडलो फक्त तीनदा, आणि त्यातल्या दोन वेळा चूक म्हशीची होती.

घरचा व्यवसाय भाजीपाल्याचा. लग्नसराईत बँड आणि बाकीचे दिवस वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. मी आधी क्लॅरिनेट वाजवायचो. मला वाजवायला शिकवणाऱ्या उस्तादांनी मला मास्तर केलं त्या दिवशी क्लॅरिनेट हातातून काढून घेतली. म्हणाले, “वाजवनाऱ्याचे हात गुतते. मास्तरचे हात रिकामे पायजे.” मला फार वाईट वाटलं होतं. अख्ख्या बँडमध्ये ज्याच्यातून एकही सूर निघत नाही असा माणूस म्हणजे मास्तर, हे मला तेव्हा अपमानासारखं वाटायचं. पुढे त्याचीच ऐट आली.

आमच्या खुणा साध्या आहेत. तळहात डोक्यावर ठेवला की मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, पुन्हा घ्यायची. दोन बोटं दाखवली की अंतरा. मूठ मिटली की बंद. आणि मूठ दिसल्याशिवाय कोणी थांबायचं नाही, नवरदेव घोड्यावरून पडला तरी नाही. जळगाव जामोदच्या बाजारात एक नवरदेव खरंच पडला होता. त्याला उचलून, फेटा झटकून, परत घोड्यावर बसवेपर्यंत आम्ही मुखडा सात वेळा घेतला आणि लोकांना वाटलं तो नाचायला उतरला होता. वाजवणाऱ्याकडूनही मास्तरला एक खूण असते. दम संपला की तो बाजाच्या भोंग्यावर दोन बोटं मारतो. म्हणजे, मास्तर, एक कडवं सोडतो. मास्तरनं मान हलवली की शेजारचा माणूस त्याची ओळ उचलतो. तोंडानं फुंकून उन्हातान्हात चार तास वाजवायचं म्हणजे ही सवलत लागतेच.

मुठीच्या नियमाला एकच अपवाद. समोरून दुसरा बँड येत असेल तर तो मला दिसत नाही, कारण माझी पाठ तिकडे. तेव्हा माझ्या माणसांनी मुठीची वाट न पाहता आपणहून थांबायचं आणि समोरच्याला वाट द्यायची. आमच्या भागात सगळे बँडवाले हा रिवाज पाळतात, एकमेकांशी बोलत नसले तरी पाळतात.

उलटं चालण्याचा एक फायदा म्हणजे मला सगळ्यांचे चेहरे दिसायचे. नवरीच्या भावाचा, नवरदेवाच्या रुसलेल्या मेव्हण्याचा, जिला नाचायचं आहे पण नवरा पाहतोय अशा वहिनीचा. एकदा मयताचाही दिसला. नव्वदीच्या पुढचे एक आजोबा होते, त्यांच्या मुलांनी वाजतगाजत न्यायचं ठरवलं. त्यांच्यात मयताला बसवून नेतात. खुर्चीत बसलेले आजोबा, फेटा, गंध, गळ्यात झेंडूचे हार, आणि त्यांच्यासमोर दहा हातांवर मी, त्यांच्याकडे तोंड करून. स्मशान दीड किलोमीटर. नेणाऱ्यांचं पाऊल ठेक्यात पडत होतं, त्यामुळे आजोबांची मान दर समेवर खाली यायची. पहिल्या काही मिनिटांत मी नजर चुकवली. नंतर माझ्या लक्षात आलं की हातानं मी बँड चालवतोय आणि डोळ्यानं आजोबांची सम तपासतोय. एकदाही चुकली नाही. शेवटी मी मूठ मिटली, बँड थांबला, नेणारे थांबले, आणि मान त्यानंतर आणखी एकदा खाली आली. घरी येऊन मी दोन तांबे पाणी डोक्यावर घेतलं आणि बायकोला काही सांगितलं नाही.

हा किस्सा मी चारचौघांत रंगवून सांगतो. दुसरा एक आहे, तो कोणालाच सांगितलेला नाही.

दशरथ माझ्याबरोबर लहानाचा मोठा झाला. आमचं शेत आणि त्याचं शेत यांच्यात एक बांध. तो युफोनियम वाजवायचा. छातीशी कवटाळून धरायचा तो मोठा पितळी बाजा, ज्याचा आवाज गाण्याच्या पोटातून येतो. क्लॅरिनेट लोकांना ऐकू येते, युफोनियम नसला तर मात्र गाणं पोकळ लागतं आणि का पोकळ लागतंय ते कळत नाही. बँडमध्ये सगळे मला मास्तर म्हणायचे, दशरथ एकटा नामा म्हणायचा. त्यानं एक स्वतःची चाल बसवली होती, शेतात, विहिरीवरची मोटर चालू ठेवून तिच्या घुमण्यावर. नवरी सासरी निघताना वाजवायची चाल. पण ती इतकी गोड होती की लोक वरातीतही मागायचे. आम्ही तिला दशरथची चाल म्हणायचो.

मे महिना होता. जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात लग्न होतं. दुपारचे चार वाजलेले, वरात मारोतीच्या पारावरून मांडवाकडे निघालेली. दशरथची चाल सुरू होती. तशी ती आधी कधी लागली नव्हती आणि नंतरही लागली नाही. बारा माणसं एका श्वासात वाजवत होती. नाचणारे नाचायचे थांबून ऐकत होते. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी दशरथनं भोंग्यावर दोन बोटं मारली.

तो मागच्या रांगेत डाव्या टोकाला होता. त्याच्याकडे तोंड असलेला माणूस मी एकटा. शेजारचा त्याची ओळ उचलू शकला असता. मी तळहात डोक्यावर ठेवला. मुखडा परत.

मुखडा झाला. त्यानं पुन्हा दोन बोटं मारली. चेहरा राखेच्या रंगाचा झालेला मला दिसत होता. मी पुन्हा तळहात डोक्यावर ठेवला. कारण विचाराल तर चाल रंगली होती. एवढंच कारण. कोणाचा आग्रह नव्हता, कोणी बक्षीस लावलं नव्हतं. मला ती थांबायला नको होती.

तिसऱ्या मुखड्यात दशरथ गुडघ्यावर बसला. बँडवाले रंगात आले की गुडघ्यावर बसून वाजवतात, त्यामुळे लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग तो एका अंगावर कलंडला. मी धावलो. मूठ मिटायचं मी विसरलो आणि मूठ दिसली नाही म्हणून बँड वाजत राहिला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं तरी चाल माझ्या डोक्यावरून चाललीच होती. ती कोणी कधी बंद केली मला आठवत नाही. जीप जळगाव जामोदला पोचायच्या आधी तो गेला. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं आणि हृदयही कमजोर असणार.

त्याची मुलगी शोभा तेव्हा सहावीत होती. मी तिला आणि तिच्या आईला सांगितलं, “वाजवता वाजवता गेला. त्याले कळलंबी नाई.” लोकांनी उलट मलाच धीर दिला. त्याला कळलं होतं. त्यानं दोनदा सांगितलं होतं.

पुढच्या सराईत बुलढाण्याला एक लग्न होतं. संध्याकाळचे सहा, चांगला उजेड, घाटावरची गार हवा. कोणीतरी ती चाल मागितली. दशरथच्या जागी आता गजानन नावाचा पोरगा होता, चांगला वाजवायचा. दुसरा अंतरा संपला आणि माझ्यासमोरचे बाराही जण एकदम थांबले. माझी मूठ मिटलेली नव्हती. आणि माझ्या पाठीमागून युफोनियमवर मुखडा आला.

मी पाहिलं, गजाननच्या ओठाला बाजा नव्हता. सगळे माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं समोरून दुसरा बँड आला. मुखडा एकदा झाला आणि गेला. मी साईड ड्रमवाल्या संतोषला विचारलं, “कोन्ता बँड हाय बे?”

“मास्तर, रस्त्यावर कोनीच नाई.”

“मंग थांबले काऊन?”

“आयकू आलं नं. वाटलं समोरून कोनी येऊन राह्यलं.” तो माझ्याकडे बघत राहिला. “तुमाले नाई आलं आयकू?”

मी नाही म्हणालो. मागे वळूनही पाहिलं नाही. मास्तरनं बँडकडे पाठ केली की बँड विस्कटतो असं उस्तादांनी शिकवलेलं आहे. ते कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण भीती.

महिनाभरानं आमच्याच तालुक्यात एका वरातीत मी ती चाल पुन्हा घेतली. मुद्दाम घेतली, म्हटलं बघू. भर दुपारी, दोन वाजता, त्याच जागी बारा जण थांबले. या वेळी पाठीमागचा मुखडा संपला आणि परत सुरू झाला. आणि परत. आणि इतका जवळून की भोंग्यातून येणारी ऊब माझ्या मानेला लागत होती. तेव्हा मला उमजलं. तो मी सांगितलेलं वाजवत होता. मूठ दिसली नव्हती, मग तो थांबणार कसा? त्या दिवसापासून दशरथची चाल मी यादीतून काढली. माणसांना सांगितलं, जुनी झाली, लोकांना नवीन गाणी पाहिजेत. कोणी वाद घातला नाही. त्यांनाही ती नकोच होती.

शहाण्या वाचकांसाठी सांगतो, बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे मी जाऊन आलो. ते म्हणाले, इतकी वर्षं ढोलापुढे उभे राहिलात, आता कान आतून वाजणारच. मी विचारलं, “साहेब, तेरा जनांचे कान एकदमच वाजते का?” त्यांनी थेंब लिहून दिले.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. डीजे आले, गाडीवर भिंतीएवढे भोंगे आले, आमचं काम निम्म्यावर आलं. मग एक दिवस शोभा लग्नाची पत्रिका घेऊन घरी आली. शिकली होती, शिक्षिकेची नोकरी लागली होती. पत्रिका देऊन ती बसूनच राहिली.

“काका, माह्या लग्नात बाबाची चाल पायजे.”

मी म्हटलं, “ते आता बसत नाई बाई. जुने वाजवनारे राह्यले नाई.”

“तुमी बसवसान तं बसन.”

“दुसरी चांगली वाजवतो. त्याच्याहून गोड.”

ती पत्रिकेच्या गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, “बाबाचं माह्याजवळ दुसरं काय हाय, काका? बाजा बँडचा व्हता, तो तुमी नेला. फोटो एक हाय, त्याच्यातबी ते मागच्या रांगेत हाय.”

मी हो म्हणालो. त्यानंतरचे पंधरा दिवस मला नीट जेवण गेलं नाही. वरातीत चाल मधूनच तुटली तर तिच्या सासरचे अपशकुन म्हणणार. लग्नाच्या दारात तिच्या वाट्याला ते येणार, आणि आलं तर का आलं ते मला सांगावं लागणार. तिच्या घरी मी दोनदा गेलो, सगळं सांगून टाकायला. एकदा मांडवाची जागा पाहून परत आलो, एकदा चहा पिऊन.

लग्न पिंपळगाव राजालाच. पाच वाजता नवरदेव निघाला. शोभा मैत्रिणींबरोबर गच्चीवर उभी होती, नटलेली. मी दशरथची चाल सुरू केली. माझा हात ठेक्याच्या मागे पडायला लागला, तेव्हा संतोषनं ठेका जरा घट्ट धरून मला सावरलं. पहिला अंतरा झाला. दुसरा झाला. बारा जण थांबले.

पाठीमागून मुखडा आला. एकदा, दोनदा. नवरदेवाकडची माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. कोणीतरी म्हणालं, “बँड बंद काऊन पडला?” मी वर पाहिलं. शोभा कठड्यावर ओणवी होऊन ऐकत होती.

मी वळलो. आयुष्यात पहिल्यांदा बँडकडे पाठ केली.

रस्ता मोकळा होता. उतरतं ऊन, धूळ, पानठेल्याच्या सावलीत बसलेलं एक कुत्रं, आणि तेही रस्त्याच्या मध्यभागी बघत होतं. तिथून, माझ्यापासून दोन हातांवरून, छातीच्या उंचीवरून मुखडा येत होता. मी मूठ वर केली आणि मिटली. थांबला नाही. मी म्हणालो, अगदी हळू, “दश्या, झालं. बस कर.” आणि पुन्हा मूठ मिटली. मुखडा शेवटच्या सुरावर आला, सूर लांबला, उतरत उतरत संपला. मग एक बारीक आवाज आला. तो फक्त बँडवाल्यालाच ओळखता येईल. वाजवून झालं की युफोनियमवाला खालची चावी दाबतो आणि बाजात साठलेलं पाणी फुंकून काढतो. फुस्स. माझ्या पायाजवळ धुळीत रुपयाएवढा ओला डाग पडला. मी बघत असतानाच तो सुकला.

मी परत बँडकडे तोंड केलं, चाल पहिल्यापासून घेतली आणि शेवटपर्यंत नेली. मध्ये कोणी थांबलं नाही. लोकांना वाटलं, मधला तुकडा मुद्दाम तसा बसवला आहे. नवरदेवाच्या मामांनी येऊन पाठ थोपटली.

सासरी निघताना शोभा माझ्या पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच म्हणाली, “काका, मधात एकला बाजा कोनी वाजवला? अगदी बाबावानी.”

मी म्हणालो, “गजानननं.”

ती हसली आणि गाडीत बसली. त्या सराईनंतर मी बँड सोडला. ती चाल मला पुन्हा ऐकू आली नाही. यावर खरं तर मी खूश असायला हवं. पण दशरथला मी खोटं बोललो नव्हतो, त्याच्या मुलीला त्याच्याबद्दल दोनदा बोललो, आणि माणूस म्हातारा झाला की असल्या गोष्टी दुपारच्या झोपेत येऊन बसतात.

या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी इथपर्यंत लिहिलं. मग वाटलं, हे शोभानं छापील पानावर पहिल्यांदा वाचायचं, हे बरं नाही. गेल्या रविवारी बस धरली, घाट चढून बुलढाण्याला तिच्या घरी गेलो आणि कागद तिच्या हातात दिले. ती म्हणाली, “तुमीच वाचा, काका.” मी वाचले. दोन बोटांच्या ठिकाणी मी कागद खाली ठेवले, तेवढं तिनं स्वतः घेऊन वाचलं.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, “दोनदा?”

“दोनदा.”

“तुमी पाह्यलं व्हतं.”

“पाह्यलं व्हतं.”

ती माझ्या हातांकडे बघत बसली. मला ते कुठे ठेवावेत कळेना. मग उठून आत गेली. मी चपला घालून दारापर्यंत आलो होतो, तेवढ्यात ती बाहेर आली. डोळे लाल, पण आवाज वर्गात असतो तसा.

“छापा,” ती म्हणाली. “मी माफ केलं असं नका लिवू. ते मले अजून मालूम नाई. पन बाबाचं पूरं नाव लिवा. इतक्या वर्षांत बँडच्या पाटीवर, पत्रिकेवर, सगळीकडे तुमचंच नाव आलं. अन् तुमच्या ह्या सगळ्या कागदात नुसतं दशरथ, दशरथ. असं नको.”

दशरथ गोविंदा उमाळे, पिंपळगाव राजा. युफोनियम.